वजनाची खोली

गेटवर कानातलं काढून द्यायचं, पिना, काडेपेटी.
नायलॉनची साडी असेल तर परत घरी.
पहिल्या दिवशी माझ्याकडे काढण्यासारखं काहीच नव्हतं.
अनुकंपावर लागलेल्या मुलीकडे
बापाचा बिल्ला नंबर असतो फक्त,
आणि तोही पाठ.

एलिशा रणपिसे म्हणाले, बस.
समोर काचेच्या पेटीत तराजू.
श्वाससुद्धा तोंड वळवून सोडायचा.
"सतरा वर्षं दारू मोजतोय," ते म्हणाले,
"थेंब घेतलेला नाही. खडकीत कुणाला पटत नाही."
उजव्या कानानं त्यांना ऐकू येत नसे,
म्हणून मी कायम डावीकडे.

नवी दारू आली की तिचा स्वभाव कळेपर्यंत
मशीनला द्यायची नाही. आधी हातानं.
पुंगळी, टोपी, मोजलेली चिमूट, वर गोळी.
पाच-पाचाचे गट, ठोकळ्यावर पेन्सिलीची खूण.
जड गोळीला सावकाश पेटणारी लागते,
खांद्यावर हात ठेवून मागून रेटणारी.
हलकीला उतावळी चालते.
उलटं केलंत, तर एक तर गोळी आळसते,
नाही तर दारू पुंगळीचा गळाच धरते.

मावशी तेव्हा माझी पत्रिका घेऊन बोपोडी ते कसबा पेठ फिरत होती.
मुलगी काय करते, विचारलं की सांगायची,
सरकारी आहे, वजनात असते.
मी रणपिशांना विचारलं, छत्तीसच्या छत्तीस जुळतात का कधी?
"गुण कागदावर," ते म्हणाले. "भोकंही कागदावर.
मी भोकं मोजतो."

त्या डिसेंबरात एक लॉट काही केल्या बसेना.
तीन भोकं एकमेकांत, दोन रुसून लांब.
दारू कमी केली, केसभर वाढवली, बदलली.
साहेब म्हणाले, नळी झिजलीय. नळी बदलली. तेच.
मुळेवरचं धुकं रेंजहिल्सपर्यंत चढलेलं,
तर दोन दिवस आम्ही धुक्यालाही नावं ठेवली.
तिसऱ्या दिवशी रणपिशांनी गोळ्यांचा डबाच ओतला काचेवर.
एकेक गोळी अंगठ्याच्या नखाखाली फिरवली.
जेवणाची सुट्टी गेली, डबा तसाच,
आणि संध्याकाळी काचेवर दोन ढीग होते.
दोन साच्यांच्या गोळ्या, एकाच डब्यात.
एकीच्या बुडाची कड जरा गोल,
नखालाच कळेल इतकी.
"दारूला उगाच बोल लावला आपण,"
म्हणाले, आणि तिच्या डब्यावर हात ठेवला,
आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा.
दुसऱ्या दिवशी पाचांचं एकच भोक,
रुपयाखाली झाकेल असं.

मार्चमध्ये कपाट आवरताना जुनं रजिस्टर हाताला लागलं.
बाबांच्या वर्षाचं.
पानं उलटत गेले तर बाबांच्या आठवड्याचं.
लॉट नंबर. वजन. हवामान. शेरा: योग्य.
खाली रणपिशांची सही, तेव्हाचा र जरा ऐटबाज.

मी ते त्यांच्या डावीकडे नेऊन ठेवलं.
एवढी एक ओळ ते बराच वेळ वाचत राहिले.
"दारू चांगली होती, पोरी.
मे होता. फरशी कोरडी होती.
पाणी मारणारा सुट्टीवर, बदली माणूस दिला नव्हता.
ते लिहायला यात रकाना नाही."

भोंग्याला वीस मिनिटं होती.
ट्रेमध्ये अकरा पुंगळ्या रिकाम्या.
मी चमचा उचलला, आणि काटा थांबेना,
इकडे, तिकडे, इकडे.
"श्वास," ते म्हणाले. "तोंड तिकडे कर."

मी तोंड खिडकीकडे केलं,
आणि जेवढा होता तेवढा सोडला.
परत वळले तेव्हा काटा मध्यावर होता,
आणि रणपिसे चालू वर्षाचं रजिस्टर उघडून
ड्रॉवरमध्ये फूटपट्टी शोधत होते.